भिजकेरावांची बढती

छत्री गळते की नाही हे समजायला तिच्याखाली कोणीतरी उभं राहावं लागतं. इतकी साधी गोष्ट आहे, पण छत्री विकत घेणाऱ्यांच्या मनात ती कधी येत नाही. ते दुकानात छत्री फाटकन उघडतात, शेजारच्या गिऱ्हाइकाचा डोळा थोडक्यात वाचवतात आणि घरी जातात. हिच्या थोरल्या बहिणी डोक्यावर धरून एक मध्यमवयीन, पदवीधर, चष्मा लावणारा गृहस्थ पाण्याच्या धारेखाली उभा राहून आलेला आहे, याची त्यांना कल्पनाही नसते.

त्या गृहस्थांना छत्रीच्या कारखान्यात सगळे भिजकेराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथे ते कोरडं होतं.

भिजकेरावांची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या फरश्या, जमिनीला मध्ये उतार, उताराच्या टोकाला जाळी, आणि वर भोकं पाडलेल्या नळ्या. दाराशेजारी एक पितळी चावी होती. ती जराशी फिरवली की भुरभुर, अर्धी फिरवली की सर, आणि पुरती फिरवली की आत माणूस आहे की नाही हेही बाहेरून दिसत नसे. भिजकेराव खांद्यांवर आणि टोपीवर टीपकागदाचे तुकडे लावत, नवी छत्री उघडत, चावी फिरवत आणि मधोमध जाऊन उभे राहत. मग बाहेर येऊन टीपकागद बघत. डाग नसला तर छत्री पास, असला तर शिवणखात्यात परत. गुडघ्याखाली मात्र ते रोज भिजत, कारण गुडघ्याखालच्या माणसाची जबाबदारी कंपनीने कधीच घेतलेली नव्हती.

आता यातली अडचण अशी की भिजकेरावांना ही नोकरी आवडायची.

पोटासाठी करावी लागते, नाइलाज आहे, असं असतं तर कोणाची हरकत नव्हती. नाइलाजाने नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल समाजाला आदर असतो. पण भिजकेराव सकाळी वेळेच्या आधी येत आणि शिट्टी वाजवत पँट दुमडत. पाऊस सुरू झाला की त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नसे. कोणाला फाइल घेऊन आत येता येत नसे, कारण फाइल भिजली असती. फोन आत नेता येत नसे. साहेब येत नसत, कारण साहेबांचे बूट. तिथे उभं राहून भिजकेरावांना कविता वगैरे सुचायच्या म्हणावं तर तसंही नव्हतं. तिथे त्यांना काहीच सुचत नसे, आणि तीच गंमत होती.

वरच्या मजल्यावरची माणसं कोरडी होती. हेडक्लार्क, कॅशियर आणि विक्री विभागातला तो टाय लावणारा, ज्याला सगळे टायवाला म्हणत, ही त्यातली मुख्य. तिघेही एका खोलीत, एका पंख्याखाली, एकमेकांच्या विरोधात बसत. पंखा कॅशियरच्या कागदांवरून वारा घालून हेडक्लार्कच्या टकलावर सोडत असे, आणि यावरून त्या दोघांचं बोलणं फक्त लेखी होत असे. पण जेवणाच्या सुट्टीत ही माणसं एकत्र येत, कारण भिजकेरावांना हसायला तिघांची गरज होती. ते डबा घेऊन आले की हेडक्लार्क त्यांच्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरे. कॅशियर विचारी की आज हवामान काय म्हणतं. टायवाला म्हणे की भिजकेराव, तुमच्या जागी आम्ही एखादी बादली उभी केली असती, पण बादलीची युनियन ऐकत नाही. भिजकेराव हसत आणि जेवत. ते सगळे त्यांना पाण्यात पाहत होते, पण ते तसेही पाण्यातच असत, त्यामुळे फारसा फरक पडत नव्हता.

फरक पडला तो कॅलेंडरमुळे.

कंपनीने त्या वर्षी कॅलेंडरवर सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र फोटो छापायचं ठरवलं. फोटोच्या दिवशी भिजकेराव इस्त्रीचा शर्ट घालून आले, पण सकाळीच छत्र्यांचा एक गठ्ठा तपासायचा होता, त्यामुळे खालचा भाग नेहमीसारखाच टपकत होता. फोटोग्राफरने त्यांना एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर पाहिलं. तेवढ्यात साहेब म्हणाले की डोळ्यांवर ऊन येतंय. मग फोटोग्राफरने मोठ्या अदबीने भिजकेरावांच्या हातात छत्री दिली आणि त्यांना साहेबांच्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर उभं केलं.

कॅलेंडर घरी आलं तेव्हा नेमक्या सासूबाई मुक्कामाला होत्या. भिजकेरावांच्या बायकोने आपल्या माहेरी नवऱ्याची नोकरी नेहमी एकाच वाक्यात सांगितली होती, 'यांचं जरा तांत्रिक असतं.' तिने कॅलेंडर टेबलावर पसरलं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावई शोधला. मग उलट दिशेने शोधला.

"जावईबापू कुठे दिसत नाहीत ते?"

बायकोने बोट ठेवलं. साहेबांच्या डोक्यावर एक छत्री होती, छत्रीला एक मूठ होती आणि मुठीला एक हात होता. तिथे कॅलेंडर संपत होतं.

सासूबाईंनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. त्या स्वभावाने चांगल्या होत्या, काहीतरी बरं बोलावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"नखं स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी भिजकेराव प्रथमच दुखावले गेले. त्यांनी ही गोष्ट शेजारच्या मास्तरांच्या कानावर घातली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवण्यातून झाले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या दारावर इतक्या पदव्यांची पाटी होती की वजनामुळे दार आपोआप बंद होई. त्यांनी भिजकेरावांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या खोलीवर पाटी आहे का?" नव्हती. मग मास्तरांनी हात पसरून असं दाखवलं की यापुढे बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. माणूस खुर्चीवर बसतो म्हणून मोठा होत नाही, दारावर पाटी असते म्हणून होतो, नोकरी तीच ठेवा, फक्त पाटी लावा, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला फुकट होता आणि दिसायला निरुपद्रवी होता. भिजकेरावांना वाटलं, काय हरकत आहे, एक छोटीशी पाटी.

सुतारखात्याने सांगितलं की पाटी आम्ही करतो, पण पाटीवरचा मजकूर कर्मचारी विभाग देतो. कर्मचारी विभागाने सांगितलं की खोलीला पाटी मिळत नाही, विभागाला मिळते. मग माझी खोली हाच विभाग समजा, असं भिजकेराव म्हणाले. तसं समजायला हरकत नव्हती, पण विभाग म्हटला की त्याला नाव लागतं, बाहेर एक स्टूल लागतं आणि आत आग विझवण्याची सोय लागते. स्टूल भिजकेरावांनी घरून आणलं. आगीचं काम सुरक्षा अधिकाऱ्याकडे होतं. तो आला, वरच्या नळ्या पाहिल्या, पाणी पाहिलं, जमिनीवरची जाळी पाहिली आणि वहीत लिहून घेतलं की इथे वाळूच्या दोन बादल्या लागतील.

भिजकेरावांनी नम्रपणे विचारलं की इथे आग लागेल कशी. सुरक्षा अधिकारी म्हणाला की आग सांगून लागत नाही.

बादल्या आल्या. वाळू कोरडी ठेवणं बंधनकारक होतं, तसं बादल्यांवर लाल रंगात लिहिलेलंच होतं. त्यामुळे त्या दिवसापासून पाऊस सुरू झाला की एका छत्रीखाली भिजकेराव आणि दुसऱ्या छत्रीखाली वाळू, असे ते दोघे उभे राहत. वाळूचा त्यांना काही त्रास नव्हता. वरच्या मजल्यावरच्या कोणाहीपेक्षा ती कमी बोलायची.

अखेर पाटी आली. ती पितळी होती, चकचकीत होती आणि तिच्यावर 'जलप्रतिरोध मूल्यमापन विभाग' अशी अक्षरं होती. मजकूर कर्मचारी विभागाने तयार केला होता, लांबी सुतारखात्याने ठरवली होती आणि दार कोणीच पाहिलं नव्हतं. शेजारीच पुरुषांचं स्वच्छतागृह होतं. पाटी ठोकल्यावर 'जलप्रतिरोध' हे भिजकेरावांच्या दारावर आलं आणि 'मूल्यमापन विभाग' स्वच्छतागृहावर. दोनच दिवसांत वरच्या मजल्यावरचा एक नवीन माणूस वार्षिक मूल्यमापनाचे कागद घेऊन तिथे शिरला आणि बाहेर येताना फार गंभीर होता.

साहेबांनाही माणसासारखं स्वच्छतागृहात जावं लागे. एके दिवशी ते दारात थबकले, पाटी वाचली आणि हा विभाग काय करतो असं त्यांनी सोबतच्या हेडक्लार्कला विचारलं. हेडक्लार्कला सांगता आलं असतं की इथे भिजकेराव भिजतो. पण समोर पितळ होतं. ते म्हणाले की साहेब, हा तर आपला अत्यंत महत्त्वाचा विभाग, कंपनीचा कणाच म्हणा ना. कॅशियरने दुजोरा दिला. टायवाल्याने त्याच आठवड्यात बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांना ती खोली दाखवायला आणलं. भिजकेराव मुसळधार पावसातून बाहेर आले, टोपीवरचा टीपकागद काढून दाखवला, आणि तो कोरडा आहे हे पाहून व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिजकेरावांनी वाकून टाळ्या स्वीकारल्या. त्यांच्या आयुष्यातला तो मोठा क्षण होता, आणि मोठ्या क्षणांचं जे होतं तेच त्याचं झालं.

साहेबांनी बैठक बोलावली. एवढा महत्त्वाचा विभाग आणि त्याला धड प्रमुख नाही, ही गोष्ट त्यांना खटकली होती. शिवाय इतका जुना माणूस आपण इतकी वर्षं पावसात उभा केला, हे बोलताना त्यांचा आवाज भरून आला. निर्णय तिथल्या तिथे झाला. विभागप्रमुखपदी टायवाला, कारण त्याला महत्त्वाच्या विभागांचा अनुभव होता, म्हणजे त्याच्याकडे टाय होता. आणि भिजकेरावांना बढती. वरच्या मजल्यावर, पंख्याखाली, कोरड्या खुर्चीत.

हेडक्लार्कने त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "सुटलात." भिजकेरावांना वाटलं की मी अडकलो कुठे होतो. पण तोपर्यंत सगळे टाळ्या वाजवत होते, आणि आपल्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या मध्येच थांबवण्याची भारदस्त पद्धत अजून कोणी शोधून काढलेली नाही.

नव्या जागेचं नाव समन्वयक होतं. कशाचा कशाशी समन्वय करायचा हे यथावकाश कळवण्यात येणार होतं. भिजकेरावांना गोल फिरणारी खुर्ची मिळाली, टेबल मिळालं आणि घंटी मिळाली, जी वाजवली की कोणी येत नसे. दिवसभर फोन वाजे, आणि तो नेहमी दुसऱ्याचा असे. हेडक्लार्क नाकातून गाणं म्हणत. कॅशियर पेनाचं टोपण काढी आणि घाली, काढी आणि घाली. पायाचं तर विचारूच नका. इतकी वर्षं संध्याकाळी मऊ पडणारे पाय आता दिवसभर खडखडीत असायचे. आपण दुसऱ्या कोणाचे तरी पाय घालून आलोय असं भिजकेरावांना वाटे.

घरी मात्र आनंद होता. बायकोने माहेरी फोन करून 'तांत्रिक' हा शब्द काढून टाकला आणि 'समन्वय' घातला. सासूबाई टेबल पाहायला कारखान्यात येऊ का असं विचारत होत्या. आणि एका रविवारी बायकोने न्हाणीघराच्या दारावर टकटक केली.

"अहो, आत कोण आहे?"

"मीच आहे."

"मग छत्री उघडल्याचा आवाज कसला आला?"

भिजकेरावांनी छत्री हळूच मिटली. मग म्हणाले की बिजागरी पाहत होतो. मास्तरांनी ही हकिकत ऐकून निदान केलं की एकदम जास्त मान मिळाला की असं होतं, शरीराला सवय नसते, हळूहळू कमी होईल.

कमी झालं नाही. भिजकेराव पाणी प्यायच्या निमित्ताने खाली जात आणि जुन्या खोलीत डोकावत. टायवाला विभागप्रमुख होता, म्हणजे तो स्वतः भिजणं शक्य नव्हतं. त्याने दुकानात कपडे दाखवायला ठेवतात तसला एक पुतळा आणला होता. पुतळ्याच्या अंगावर सूट होता, हाताला छत्री बांधली होती आणि खांद्यावर भिजकेरावांच्या टीपकागदाचे तुकडे होते. हेडक्लार्क जाता-येता त्याला मान झुकवत, कारण सूट होता. आयुष्यात भिजकेरावांना पहिल्यांदाच कोणाचा तरी मत्सर वाटला आणि तो प्लास्टरचा निघाला.

आपण परत खाली जायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी पदावरून खाली यावं लागतं, आणि पदावरून खाली यायला काहीतरी वाईट करावं लागतं. त्यांनी आधी टेबलावर डोकं ठेवून झोपायला सुरुवात केली. कोणाच्या लक्षात आलं नाही. वरच्या मजल्यावर झोपणं हा गुन्हा नव्हता, ती बसण्याची एक पद्धत होती. मग त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर साहेबांना सांगितलं की तुमची नवी योजना मूर्खपणाची आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की असा सडेतोड माणूस आपल्याला आधीच वर आणायला हवा होता. त्यांचं टेबल साहेबांच्या केबिनशेजारी हलवण्यात आलं. भिजकेराव घाबरले. असंच चालू राहिलं तर ते लवकरच संचालक झाले असते.

तेवढ्यात पुतळ्याचं नाक गळून पडलं. प्लास्टर किती पाणी सोसणार. नंतर कान गेले, मग हनुवटी. टायवाल्याने साहेबांना कळवलं की हा विभाग चालवणं अवघड आहे, महिनाअखेर तो बंद करावा, नळ्या काढाव्यात आणि खोलीत जुन्या फाइली ठेवाव्यात. छत्र्या काय, त्यांच्यावर वरून तांब्याभर पाणी ओतून बघता येईल.

जुन्या फाइली ऐकल्यावर मात्र भिजकेरावांचा धीर सुटला. खोलीच गेली तर परत जायचं कुठे? मग त्यांनी तो उपाय केला जो शहाणा माणूस कार्यालयात सहसा करत नाही. ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि खरं सांगितलं. मला माझी जुनी जागा द्या, मला ते काम आवडतं.

साहेब मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू मावळलं आणि तिथे वेगळंच काहीतरी आलं. कोरडी खुर्ची सोडून जो माणूस पाण्यात जायचं म्हणतो, त्याचं पाण्यात काहीतरी आहे. मूर्खपणा त्यांना चालला असता, उर्मटपणा तर चाललाच होता. पण आवडतं म्हणजे काय? त्यांनी त्याच दिवशी चौकशी समिती नेमली. हेडक्लार्क, कॅशियर आणि टायवाला. आरोप असा की सदर कर्मचारी सदर खोलीतून काहीतरी मिळवत होता. सिद्ध झालं तर नोकरी जाणार, वरचीही आणि खालचीही.

समितीसमोर भिजकेराव उभे होते, तिघे बसले होते. सुरुवात हेडक्लार्कने केली.

"तुम्हाला त्या खोलीत काय मिळत होतं?"

"मजा," भिजकेराव म्हणाले.

"कोणाकडून?"

"कोणाकडून नाही. अशीच."

"किती?" कॅशियरने विचारलं.

भिजकेरावांनी किती ते सांगायचा प्रयत्न केला. हात थोडे पसरले, मग आणखी पसरले. कॅशियरने ते लिहून घेतलं नाही. टायवाला म्हणाला की बोलण्यात हा माणूस हाती लागणार नाही, प्रत्यक्ष जागेची पाहणी करू. तिघांनी नव्या छत्र्या घेतल्या, बूट काढले, पँटी दुमडल्या. हेडक्लार्कच्या पोटऱ्या कारखान्यात पहिल्यांदाच उजेडात आल्या. टायवाल्याने टाय खांद्यावरून मागे टाकला. पुतळ्याचं जे काही उरलं होतं ते कोपऱ्यात सरकवलं, आणि समिती छत्र्या उघडून मधोमध उभी राहिली. चावीवर भिजकेरावांना ठेवलं, कारण चावी फिरवणं हे काम होतं.

भिजकेरावांनी आधी भुरभुर सोडली. तिघांची कुरकुर ऐकू येत होती. हेडक्लार्क म्हणत होते की काय घाणेरडी जागा, कॅशियर म्हणत होता की पाय गार पडले. मग त्यांनी सर सोडली. आता तिघांना एकमेकांचं ऐकू येईना, म्हणून ते ओरडून बोलू लागले, मग कंटाळले, मग गप्प झाले. नुसतं छत्र्यांवर पाणी वाजत राहिलं.

थोड्या वेळाने भिजकेरावांनी पाहिलं की कॅशियरची बोटं थांबली आहेत. जी बोटं डबा खातानासुद्धा टोपण काढत आणि घालत होती, ती आता छत्रीच्या मुठीवर निवांत पडून होती. हेडक्लार्कने डोळे मिटले होते. त्यांच्या कपाळावर एक आठी होती जी जन्मतःच असावी असा सर्वांचा समज होता. ती नाहीशी झाली होती आणि खाली एक बऱ्यापैकी माणूस दिसत होता. टायवाल्याने इकडे तिकडे पाहिलं, आणि कोणाचं लक्ष नाही अशी खात्री करून एक पाय हळूच छत्रीबाहेर काढला. पाण्यात धरला. मग बोटं हलवून पाहिली.

भिजकेरावांच्या लक्षात आलं. त्यांना आवडलं होतं. तिघांनाही. तिघे वरिष्ठ होते, तिघांच्या साहेबांशी ओळखी होत्या, आणि खोली त्यांनी मागितली तर ती आपल्याला कोण देणार होतं? आपण सुखाने सांगितलं असतं की पैसे खाल्ले, तर परवडलं असतं. त्यांनी घाईने चावी बंद केली.

पाऊस थांबला. नळ्यांमधून एक एक थेंब पडत होता. तिघांनी डोळे उघडले आणि एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी त्यातल्या एकाने जरी 'बरं वाटलं' एवढे दोन शब्द उच्चारले असते, तरी ही गोष्ट वेगळी झाली असती, आणि कदाचित तो कारखानाही. पण हेडक्लार्क कॅशियर आधी काय म्हणतो ते बघत होते, कॅशियर टायवाल्याकडे बघत होता आणि टायवाला आपला ओला पाय छत्रीखाली ओढून घेत होता.

"शी," हेडक्लार्क म्हणाले.

"शीच," कॅशियर म्हणाला. त्याला मागे राहणं परवडणारं नव्हतं.

"अमानुष," टायवाला म्हणाला, आणि मग तिघांची चढाओढच लागली. किळसवाणं, लाजिरवाणं, सुशिक्षित माणसाला काळिमा. बोलता बोलता हेडक्लार्कचा आवाज इतका चढला की त्यांची आठी जागेवर परत आली. समितीने एकमताने अहवाल दिला की या खोलीत कोणताही सभ्य गृहस्थ काहीही मिळवू शकत नाही. भ्रष्टाचाराचा आरोप फेटाळण्यात येतो. मात्र चांगली जागा नाकारून कर्मचाऱ्याने वरिष्ठांचा अवमान केला आहे, सबब त्याला शिक्षा म्हणून त्याच खोलीत परत पाठवावं. ही शिक्षा देता यावी म्हणून खोली चालू ठेवावी. विभाग मात्र रद्द समजावा. पाटी टायवाल्याने स्वतः स्क्रू काढून खाली उतरवली, कारण अशा ठिकाणाशी नाव जोडलं जाणं त्याला आता परवडणार नव्हतं. वाळू राहिली. वाळूबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार समितीला नव्हता.

साहेबांनी शिक्षेचा आदेश जड आवाजात वाचला. भिजकेरावांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे गदगदत होते. साहेबांना वाटलं ते रडतायत. त्यांनी माणुसकीने पाण्याचा पेला पुढे केला, त्यामुळे खांदे आणखीनच हलले.

शिक्षा त्याच दुपारी सुरू झाली, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने त्यांच्या ओल्या पँटीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"शिक्षा किती दिवसांची आहे?"

"मुदत नाही. निवृत्तीपर्यंत म्हण."

"मग बाहेरच्या खोलीत जाताना तोंड जरा पाडा," ती म्हणाली. "आई टेबल पाहायला आलीये, तिथेच बसलीये. तिला वाईट वाटायला हवं."

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, सगळे वर सुस्तावले होते, आणि भिजकेराव नव्या छत्रीची घडी सोडवत होते. दारावर हलकेच टकटक झाली. हेडक्लार्क. काखेत छत्री होती, तीही स्वतःची, आणि पँट आधीपासून दुमडलेली होती. ते दारात उभे राहून खोलीच्या आत, भिजकेरावांच्या खांद्यावरून, त्या नळ्यांकडे पाहत होते.

"जरा पाहणी करायची राहिली होती," ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पाचच मिनिटं हो. कोणाला कळायचं नाही."

भिजकेरावांना त्यांची दया आली. खोटं कशाला बोलायचं, खरंच आली. आत जागा भरपूर होती, दोन छत्र्या सहज मावल्या असत्या. ते बाजूला होण्यासाठी एक पाऊल मागे सरकलेही. पण तेवढ्यात त्यांना बोळाच्या टोकाशी कॅशियर दिसला. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता, एका पायात बूट घालून. आणि स्वच्छतागृहाच्या दारातून टायवाल्याचं डोकं बाहेर आलं होतं, गळ्यात टाय नव्हता.

भिजकेरावांनी मागे घेतलेलं पाऊल पुन्हा पुढे टाकलं. चेहऱ्यावर शक्य तितकं आश्चर्य आणलं.

"हेडक्लार्कसाहेब, तुम्ही?" ते बोळभर ऐकू जाईल इतक्या आदराने म्हणाले. "अहो, तुमच्यासारख्या माणसाने इथे? लोक काय म्हणतील?"

बोळाच्या टोकाला कॅलेंडरचं पान घाईघाईने उलटलं गेलं. स्वच्छतागृहाचं दार लागलं. हेडक्लार्क ताठ झाले, छत्री काखेत मागे सरकवली, आणि खरंच की, किती घाणेरडी जागा, असं काहीसं म्हणत दुमडलेल्या पँटीने जिन्याकडे निघाले. त्यांची पाठ वळेपर्यंत भिजकेराव दारात अदबीने उभे राहिले. मग त्यांनी दार लावलं, खांद्यांवर टीपकागद लावले, वाळूवर छत्री नीट केली आणि चावी पुरती फिरवली.